गल्लीभर वाटलेला पासवर्ड

"चोर! चोर!" पौर्णिमा ओरडली, आणि गच्चीच्या कठड्यापलीकडं शिडीवर उभा असलेला माणूस पडता पडता वाचला.

"चोर काय गळ्यात वायरीचं भेंडोळं घालून येतो का, मॅडम?" तो म्हणाला. "मी सोमेश. इंटरनेटवाला. शेजारच्या दुकानाची लाइन बघतोय."

एरवी ती खळखळून हसली असती. पण आज तिला हसायला सवड नव्हती. लोहाऱ्यातल्या या घरात बसून ती पुण्याच्या एका कंपनीसाठी मुलांना ऑनलाइन गणित शिकवायची. मुलं शाळेतून येणार संध्याकाळी, म्हणून वर्गही संध्याकाळी… आणि नेट नेमकं तेव्हाच रुसायचं. आत्ताही अपूर्णांक शिकवता शिकवता सगळी मुलं पडद्यावर तोंडं उघडी टाकून थिजली होती, आणि मोबाईलला रेंज मिळते का बघायला ती वर पळत आली होती.

"आमचंबी बघता का?" तिनं चाचरत विचारलं. "शुक्रवारी कंपनीच्या मोठ्या मॅडम माझा वर्ग बघणार हायत. तेव्हा तुटलं, तर पुण्याला येऊन ऑफिसात शिकवा म्हणाल्यात. मला न्हाय जायचं… हितं आई एकटी हाय."

थट्टा सोडून तो खाली उतरला आणि तिच्या दाराशी आला.

"दुपारी कसं चालतं?"

"झकास. दिवेलागण झाली की मेलं!"

तिच्या नेटला कोण कोण जोडलंय ते त्यानं मोबाईलवर उघडून बघितलं आणि भुवया उंचावल्या. "घरात माणसं किती?"

"दोघी. मी आन् आई."

"मग हा 'गुंडप्पा टीव्ही' कोण? आन् त्याच्या खाली ही एवढी जत्रा?"

पौर्णिमानं आत चुलीपाशी बसलेल्या आईकडं बघितलं. पुतळाबाई भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आल्या. "शेजारी हायत. मीच दिलाय पासवर्ड, सगळ्या गल्लीला. कुणी विरजण मागितलं तर वाटी रिकामी पाठवायची का? बदलायचं नावबी काढू नकोस, बाबा."

झालं! संध्याकाळी अख्खी गल्ली मालिका बघणार, आणि पौर्णिमाचे अपूर्णांक अर्ध्यातच राहणार.

सोमेशनं हार मानली नाही. एके दिवशी त्यानं तो वायफायचा डबा लोखंडी कपाटामागून काढून उघड्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी डब्यापासून लॅपटॉपपर्यंत वायर ओढली. थोडा फरक पडला, पण थोडाच. तिसऱ्या दिवशी तो परत दारात.

"मी तर तक्रार दिली न्हाय," पौर्णिमा हसू दाबून म्हणाली.

"तुमच्या नावानं मीच दिली." तो वायरीकडं बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते.

त्या रात्री तिला झोप आली नाही. शुक्रवारची भीती होतीच. आता त्या भीतीशेजारी दुसरी भीती येऊन बसली—पुण्यात सगळं असेल, पण हा नसेल.

शुक्रवार उजाडला तो भुरभुर पाऊस घेऊन. अशा हवेत संध्याकाळी घराबाहेर पडतंय कोण? वर्ग सुरू झाला आणि मोठ्या मॅडमचा चेहरा पडद्यावर अडखळायला लागला. त्यांचे शब्द तुटत होते. आज मुद्दाम येऊन दाराशी थांबलेल्या सोमेशकडं तिनं बघितलं—काहीतरी करा ना! तो वळला… आणि पावसात निघून गेला.

गेला! यानंही हात टेकले. तिचे डोळे भरून आले. तरी ती शिकवत राहिली, कारण मुलं बघत होती.

आणि हळूहळू पडदा निवळला. आवाज स्वच्छ झाला. वर्ग संपेपर्यंत एकदाही काही तुटलं नाही. "छान. घरूनच चालू ठेवा," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

ती धावतच बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. गल्लीतला एकही टीव्ही वाजत नव्हता. सगळे आपापल्या पत्र्याखाली मुकाट बसले होते. त्यांच्यात आईही होती. सोमेश विजेच्या खांबाशी भिजत उभा होता.

"जमलं का, पोरी?" शेजारच्या गुंडप्पाकाकांनी विचारलं.

"जमलं, काका… पण हे काय?"

"ह्यो गडी दारोदार हात जोडत आला. तासभर सगळं बंद ठेवा म्हणाला. म्या इचारलं, तिचं नेट तुटलं तर तुझं काय जातंय रे?"

"मग… काय म्हणाले?"

"आता त्यालाच इचार की!"

गल्ली कान देऊन बसली. सोमेशनं मान वर केली.

"म्हणालो… त्या पुण्याला गेल्या, तर माझं मन हितं लागायचं न्हाय." त्यानं पुतळाबाईंकडं हात केला. "तुमच्या आईलाबी तेच सांगितलं. खोटं बोलायला जमलं न्हाय."

पौर्णिमानं घाबरून आईकडं बघितलं. आता काय होणार!

"माझ्याकडं काय बघतीस?" पुतळाबाई खेकसल्या. "ऐन रंगात आलेली मालिका सोडून बसलेय मी. त्याला सांग काय ते, लवकर."

पौर्णिमा पावसात उतरली. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, सगळ्या गल्लीदेखत.

"मी… कुठंबी जात न्हाय," ती म्हणाली. "तुम्हीबी जाऊ नका."