रांगेतला पहिला दगड

माणूस जातो, पण त्याचा शब्द मागे राहतो, असं थोर लोक म्हणतात.

आमच्या आत्याच्या गावात माणूस जातो आणि त्याचा दगड मागे राहतो.

हे खरं घडलंय. ज्यांना पटत नाही त्यांनी सोडून द्यावं. आत्याने सोडलेलं नाही.

फाट्यावर पत्र्याचा एक बसथांबा आहे. बस कधी येणार, हे पूर्वी चालकालाही ठाऊक नसे. म्हणून लोक रांगेत आपापला दगड ठेवून घरी कामाला जात. वळणावर हॉर्न वाजला की धावत यायचं आणि आपल्या दगडापाशी उभं राहायचं. दगडाला कोणी हात लावत नसे.

मग बस बंद झाली. गावाला कळवायचं मात्र राहून गेलं.

त्याच आठवड्यात काकांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, छातीत कळ आली. पहिला दगड त्यांचा. दवाखान्यात जायला ते त्याच्यापाशी बसून राहिले. दिवस कलला. बस आली नाही, काका गेले.

आत्याने तो दगड हलवू दिला नाही. मग कोणीच आपल्या गेलेल्या माणसांचे दगड हलवले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात, दिवस मावळताना, एक साहेब थांब्याची पाटी काढायला आले. आत्या बाकावर बसून होती. घरी सुनेचे दिवस भरत आलेले.

"आजी, इथे प्रवासीच नाहीत."

"ही काय रांग."

"हे दगड आहेत."

"मग तुमच्या कचेरीत कोण बसतं?"

साहेब हसले. त्यांनी बुटाच्या टोकाने पहिला दगड बाजूला सारला.

आणि...

वळणावर हॉर्न वाजला.

रस्ता रिकामा होता.

मग चपला घासल्याचा आवाज... एकाच्या नाही, पुष्कळांच्या. पिशव्यांची कुजबुज. साहेबांना कोणीतरी खांद्याने ढकललं. मग पुन्हा. ढकलले जात जात ते पार शेवटी पोचले.

कानाशी कोणीतरी म्हणालं, "ओ, रांगेत या."

पुढून खोकला आला. आधी कोरडा, मग ओला.

आत्याने तो खोकला उभा जन्म ऐकला होता. ती घाबरली नाही. ती चिडली.

"आलात ना? मग नीट उभे राहा. साहेब बघायला आलेत."

साहेबांनी रांगेच्या शेवटून विचारलं, "कोण... कोण आहेत हे?"

"प्रवासी," आत्या म्हणाली. "आता पाटी काढून दाखवा."

पहिला दगड पुन्हा जागेवर होता. तो कोणी ठेवला, हे कोणीही पाहिलं नाही.

बस सुरू झाली. साहेबांनी कळवलं की थांब्यावर भलतीच गर्दी असते. खोटं नव्हतं. सून वेळेवर दवाखान्यात पोचली.

मी त्या बसने एकदाच गेलो. फाट्यावर आम्ही तिघंच चढलो: आत्या, बाळाला घेतलेली सून आणि मी. तरी बस खाली दबली... आणि आमच्यामागे बराच वेळ दबतच राहिली. चालक समोर बघत होता. त्याने आरसा केव्हाच फिरवून ठेवला होता.

पुढची खिडकीची जागा रिकामी होती. मी तिकडे वळलो तर सुनेने हळूच माझी बाही ओढली.

अजून मी कुठल्याही बसमध्ये रिकाम्या जागेवर बसत नाही. आधी विचारतो.

आत्याने मात्र बाळाला सावरलं आणि त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली,

"अहो, जरा आत सरका की."