एकदा हो, दोनदा नाही

आमची नोकरी म्हणजे दिवसभर कान टवकारून बसायची. बायका-मुलींना कुणी मारत असेल, छळत असेल, तर त्यांनी फोन करावा म्हणून सरकारने ही लाइन काढलीय. फोन आला की आम्ही पोलिसांची गाडी पाठवतो. प्रत्यक्षात निम्मे लोक वीज कधी येणार ते विचारतात. सुरुवातीला मी फार वैतागायचे.

आमच्या मोठ्या बाई म्हणजे जुनं खोड. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की, समोर नवरा बसलाय म्हणून बाईला बोलता येत नसेल तर तिला सांगायचं, फोनवर नखाने वाजव. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आणि फोन आधी तिने ठेवायचा, आपण नाही.

त्या दिवशी जेवणं आटोपली होती, सगळ्यांचे डोळे जड झाले होते. माझा फोन वाजला. पलीकडे कुणी बोलेना. श्वाससुद्धा नाही. विहिरीत वाकून कान दिला की जसं ऐकू येतं, तसं काहीतरी. मी नेहमीसारखं विचारलं, बोलता येत नाही का?

टक.

तुम्ही संकटात आहात का? मग टक... टक. म्हणजे नाही. मग कोण, तुमची मुलगी? टक. एकेक विचारत गेले. मुलगी घरातच होती, लपलेली होती, कपाटात होती. पत्ता माझ्यासमोर यंत्रावर दिसत होता. मी गाडी पाठवली आणि तिला धीर देत राहिले. खरं तर धीर मलाच हवा होता. असल्या वेळी बायकांचं नख थरथरतं. हिचं अगदी सावकाश वाजत होतं, कसली म्हणून घाई नव्हती.

गाडी पोचली आणि हवालदार बाईंनी मला दुसऱ्या फोनवर घेतलं. पोरगी सापडली होती, कपड्यांच्या कपाटात, पाय पोटाशी घेऊन. अंगावर ओरखडाही नव्हता, पण तोंडातून शब्द काढत नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, आता आईला बघा.

"आई स्वयंपाकघरात पडलीय," हवालदार बाई हळूच म्हणाल्या. "गेलीय हो... सकाळीच गेली असणार. अंग गार पडलंय."

"असं कसं? ती माझ्याशी बोलतेय."

"तिचा फोन माझ्या पायाशी आहे... दोन तुकडे झालेत त्याचे."

दुसऱ्या कानाशी ती लाइन चालूच होती.

हवालदार बाई सांगत होत्या की, नवरा कामासाठी परगावी गेलाय, बहुतेक चोर शिरला असावा. तेवढ्यात तिचा दीर धावत आला होता. वहिनी, वहिनी करून छाती पिटत होता. घरचाच माणूस, म्हणून पोरीला तूर्त त्याच्याकडे सोपवणार होते.

मला काय वाटलं कोण जाणे. मी त्या कानाशी कुजबुजले, "ताई, पोर आता सुखरूप आहे ना?"

टक... टक.

"दीर का...?"

माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत, टक.

"पोर त्याच्या हाती देऊ नका," मी हवालदार बाईंना सांगितलं. कारण विचारलं असतं तर काय सांगणार होते? पण त्यांनी विचारलं नाही. पोरीला उचलून गाडीत बसवलं, दार लावलं, आणि दार लागल्यावर पोर बोलली. काकाने काय केलं ते सगळं बोलली.

तो आता तुरुंगात आहे. पोर आजीकडे असते, शाळेत जाते. त्या दिवशीच मी त्या लाइनवर म्हटलं होतं, ताई, झालं तुमचं काम, आता ठेवा फोन. तिने ठेवला नाही. नंतर पाहिलं तर आमच्या यंत्रात असा फोन आल्याची नोंदच नव्हती, पत्ताही नाही. मोठ्या बाईंना घाम फुटला, पण त्या एवढंच म्हणाल्या की, मग आपणही ठेवायचा नाही.

तेव्हापासून ती आहे. एखादी बाई म्हणते, काही नाही हो, चुकून लागला, सगळं ठीक आहे. आणि तिच्या आवाजाखाली मला ते नख ऐकू येतं, दोनदा. मी गाडी पाठवते. एकही गाडी अजून फुकट गेलेली नाही. भीती वाटते का म्हणाल, तर कामावर नाही वाटत. उलट सोबत वाटते.

परवा मात्र मी सुट्टीवर होते, घरी कपड्यांच्या घड्या घालत होते. माझ्या स्वतःच्या फोनवर लेकीचा फोन आला. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही. जावई म्हणजे सोनं, असं मीच चारचौघांत सांगत फिरते. लेक हसत होती, नव्या पडद्यांबद्दल सांगत होती. मी सहज विचारलं, बरी आहेस ना गं?

"मजेत आहे गं आई. तुझं आपलं काहीतरीच."

टक... टक.

"बरं," मी म्हटलं, "पडदे कुठल्या रंगाचे घेतलेस?" आणि तिला बोलतं ठेवून मी चपला पायात सरकवल्या.