बंबाखूचं बी

सकाळी सात वाजता विलास मगदूमने सरीतला आधाराचा बांबू उपसला आणि नीलांबरी चौगुलेच्या उजव्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ मागून आली.

"बाजूला व्हा मॅडम. रान माझं आहे."

"काढू नका, विलासराव. जागेवरच जाळा."

"आधी लावायला लावलं, आता जाळायला सांगताय होय?" विलासचा भाऊ हसला आणि कोयत्याने पुढची सरी आडवी करत गेला.

टोमॅटोचं ते वाण नीलांबरीने प्रयोगशाळेत घडवलं होतं. पानांच्या बगलेत येणारी जादा फूट, बगलफूट, खुडायला सारख्या बायका लावाव्या लागत. तो खटाटोप तिने संपवला. बगलेतले डोळे झोपवून ठेवणारं संप्रेरक झाड मुळांत तयार करतं. तिने ते चौपट वाढवलं. झाडं सोट्यासारखी सरळ गेली. पण जादा संप्रेरक मातीत पाझरलं आणि त्याच्या चाहुलीने जमिनीत निजलेलं बंबाखूचं बी उठलं. तंबाखूच्या रानात माजणारं हे तण मुळांना चिकटून दुसऱ्याचा रस पितं. आता झाडाझाडाखाली त्याचे तुरे उभे होते आणि वर टोमॅटो वाळत होता.

"जुनं तंबाखूचं रान आहे, हे लावणीआधी सांगितलं होतं मी," विलास म्हणाला.

"सांगितलं होतंत. इतक्या वर्षांत बी मेलं असेल असं मी धरून चालले. चूक माझी. पण आता तुरे पिकलेत. बी धुळीसारखं असतं, पाण्याबरोबर जाईल."

त्याने तिला ढकललं. ती सरीत मोडक्या हातावर पडली. दोघा भावांनी झाडांचे तुऱ्यांसकट भारे कालव्यात फेकले.

पाण्यावर तपकिरी धूळ पसरली. विलास बघत राहिला. खालच्या गावात त्याची लेक दिली होती. तिचं सगळं रान टोमॅटोचं होतं.

पाणी अडवायला नीलांबरी कालव्याच्या दाराकडे धावली, पण दाराचं चाक तिला एका हाताने हलेना. मागून विलास आला.

"डावा चालतोय ना? लावा मग."

दार पडलं. तासाभरात खालच्या गावचे लोक काठ्या घेऊन आले. पाण्याची पाळी त्यांची होती. सगळ्यांत पुढे विलासचा जावई होता.

"मामा, दार उघडा."

"आधी या बाईंचं ऐका."

"ऐकत बसलो तर पीक जळंल."

पहिली काठी विलासच्या खांद्यावर बसली, दुसरी डोक्यात. रक्त डोळ्यांत उतरलं तरी त्याने चाक सोडलं नाही. नीलांबरीने चाकाच्या आऱ्यांत आपला डावा दंड अडकवला.

पोलिसांना फोन गेला होता, पण दुपारपर्यंत ते पोहोचले नव्हते. दार बंद होतं. ते पडण्याआधी किती बी खाली गेलं, हे नीलांबरीलाही सांगता येत नव्हतं.