पेडल दाबल्यानंतर

टर्बोची गाडी टिकते का, असं मला कोणी ना कोणी कायम विचारत असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. गाडी टिकते, माणसं टिकू देत नाहीत. तेल वेळेवर बदलायचं नाही, लांबून दामटत आणलेली गाडी दारात आल्या आल्या बंद करायची, आतला टर्बो लालबुंद असताना त्याचं तेल तोडायचं, आणि मग माझ्या गॅरेजात येऊन कंपनीच्या नावाने खडे फोडायचे. रबरी पाइप तडकतात, सील गळतात, व्हॉल्व्हवर काजळी धरते, पाण्याचा पंप ठिबकतो. एवढीच काय ती दुखणी, आणि सगळी बरी होणारी. बरी न झालेली एकच गाडी माझ्याकडे आली. ती माझ्या सख्ख्या भावाची होती.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या उंच इमारती त्याच्या भरवशावर वर-खाली होत. स्वभाव असा, की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत याचं उत्तर तयार. आई म्हणायची, हा जन्मला तेव्हा सुइणीलाच उलट बोलला असेल. आम्ही दोघांनी एकाच मॉडेलची ऑटोमॅटिक सेडान घेतली होती, त्याची करडी, माझी पांढरी. घ्यायला मीच सांगितलं होतं.

एका सकाळी तो गॅरेजात आला आणि किल्ली माझ्या टेबलावर टाकून म्हणाला, "गाडी विचार करून पळायला लागलीय रे."

"म्हणजे मालकावर नाही गेली."

"मालकाच्या भावावर तरी कुठे गेली?" तो म्हणाला. माझं हसू संपेपर्यंत तो चहा सांगून परतही आला होता.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. पेडल दाबलं की त्या पंख्याला वेग धरायला किंचित वेळ लागतो. त्या वेळाला आम्ही लॅग म्हणतो. प्रत्येक टर्बो गाडीत तो असतो, थोडा वाढला तर कुठेतरी हवा गळत असते. मला यात विशेष काही वाटलं नाही.

गॅरेजमागे गोदामांचा सरळ रस्ता आहे. दादाने गाडी तिकडे घेतली आणि पेडल पार खाली दाबलं. इंजिनाचा आवाज बदलला नाही. आम्ही निळ्या शटरचं गोदाम ओलांडलं, मग लाकडाची वखार. दादाने पाय काढला, दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली घेतले आणि म्हणाला, "आता बघ." पेडल मोकळं होतं, ते मला दिसत होतं. आणि मग गाडीने अशी उसळी घेतली की माझं डोकं मागे आपटलं. वळणाआधी त्याने ब्रेक मारला.

"वरातीमागून घोडं," दादा म्हणाला.

मला टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपला केसाएवढी चीर सापडली. पाइप बदलला, चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी तो परत दारात. आता लॅग अख्ख्या रस्त्याएवढा झाला होता. मी स्कॅनर लावून पुन्हा शेजारी बसलो. पडद्यावर पेडलची रेघ आणि हवेच्या दाबाची रेघ एकाच क्षणी वर चढली, एकाच क्षणी खाली आली. पुस्तकात छापावी अशी निरोगी गाडी. त्या रेघा खाली आल्यावर कितीतरी वेळाने आम्ही दोघं सीटमध्ये मागे फेकलो गेलो. यंत्र खोटं बोलत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय. त्या दिवशी ते खोटं बोलत होतं, नाहीतर माझी पाठ.

आमच्या धंद्यात दोष सापडत नसला की एक हुकमी उपाय असतो. तशीच दुसरी धडधाकट गाडी घ्यायची आणि एकेक भाग अदलाबदल करत जायचं. दुखणं भागाबरोबर दुसऱ्या गाडीत गेलं, तर तो भाग नासका. नाही गेलं, तर पुढचा भाग. धडधाकट गाडी माझीच होती. मी त्याचा टर्बो माझ्या गाडीत बसवला, माझा त्याच्या. मग सेन्सर, मग पेडल, मग सगळा कारभार बघणारा कॉम्प्युटर. माझी पांढरी गाडी त्याचे भाग पोटात घालून हरणासारखी पळायची. त्याच्या करडीत माझे भाग, आणि दुखणं जागच्या जागी.

शेवटी अदलाबदल करायला एकच भाग उरला होता. मी दादाला माझी गाडी दिली आणि त्याची मी घेतली.

करडी गाडी माझ्या पायाखाली शहाण्यासारखी पळाली. पांढरी मात्र दादाने पेडल दाबल्यावर तशीच रेंगाळत गेली, आणि तो थांबून खाली उतरायला निघाला तेव्हा पुढे झेपावली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. इतके दिवस मी लोखंड तपासत होतो.

"काय रे, झोप होत नाही का तुझी?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत उभा राहिला. मला वाटलं, चिडला. मी आत गेलो, हात धुतले, पुसले, फोनवर एका गिऱ्हाइकाला समजावलं आणि बाहेर आलो. दादा तिथेच होता. मी मघाशी जिथे उभा होतो त्या रिकाम्या जागेकडे बघत तो म्हणाला, "होते की. चांगली होते."

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

वहिनी गणित शिकवते. बोलते मोजकं, पण तपासून. पुढच्या आठवड्यात ती गॅरेजात आली तेव्हा बाकावर बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "भाऊजी, मी सकाळी चहा विचारते, ते दुपारी जेवताना अर्धा कप म्हणतात. आधी मला थट्टा वाटली. काल त्यांचा हात गरम तव्याला लागला. काही नाही. भाजी हलवत राहिले. संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्या बसल्या ओरडले."

डॉक्टरांकडे मीही गेलो. सगळे रिपोर्ट चांगले आले, माझ्या स्कॅनरच्या रेघांसारखे. डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्यांनी कपाळाला आठ्या घालून काहीतरी खरडलं. परत येताना दवाखान्याच्या पायऱ्यांवर दादाचा उजवा पाय अचानक पुढे उडाला आणि तो पडला. मी त्याला उचलला. 

लिफ्टचं काम त्याने सोडलं. सोडलं म्हणजे मी सोडवलं. एकदा त्याला गॅरेजच्या आवारात करड्या गाडीत बसवून बघितलं. त्याने पेडल दाबलं, आम्ही वाट बघितली, पुष्कळ वाट बघितली. गाडी जागची हलली नाही. मग मी आणि शेजारच्या वेल्डरने ती ढकलून गॅरेजच्या आत कोपऱ्यात लावली.

त्याला यातलं काय कळत होतं? ते एकदाच समजलं. वहिनीने त्याला विचारून ठेवलं होतं, तुम्हाला कसं वाटतंय. दोन दिवसांनी मी त्याची दाढी करत होतो, तेव्हा उत्तर आलं. "मला काही होत नाही गं. मी लगेचच बोलतो. तुम्हीच पुढे निघून गेलेले असता."

मी वस्तरा ठेवून दिला. दाढी अर्धीच राहिली.

लॅग वाढत गेला. दोन दिवसांचा आठवडा झाला. वहिनीने त्यातही रीत बसवली. आज जे ऐकायचं, ते ती आधीच्या आठवड्यात विचारून ठेवायची. मी सांगितलेल्या विनोदावर तो भलत्याच दिवशी, रिकाम्या खोलीत हसायचा. पण भुकेला रीत बसवता येईना. भूक त्याला लागायची ती कधीचीतरी शिळी. भरवलं तर चावायचं विसरायचा. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला.

मग डॉक्टरांना मेंदूत एक डाग दिसला. कारण तेच आहे असं नाही, म्हणाले, पण उघडून बघता येईल. धोका आहे. आणि थांबलात तर अशक्तपणा इतका वाढेल की भूलही देता येणार नाही. हेच शब्द मी गिऱ्हाइकांना सांगतो, इंजिन उघडायच्या आधी.

वहिनी पलंगाशी बसली. दादाचा हात हातात घेऊन तिने स्पष्ट, वर्गात विचारावं तसं विचारलं, "ऑपरेशन करायचं का?"

दादा तिच्या खांद्यापलीकडे बघत होता.

"उत्तर यायला वेळ लागेल," ती मला म्हणाली. "आपण थांबू या. देह त्यांचा आहे."

"थांबलो तर उत्तर ऐकायला तो नसेल, वहिनी."

"आणि नको म्हणाले तर?"

"नको कशाला म्हणेल? मरायला कोण हो म्हणतं?" मी म्हणालो. जन्मभर मी कुठल्याही गाडीला विचारून बॉनेट उघडलं नव्हतं. बिघडलंय तर उघडायचं, वेळेत उघडायचं, एवढंच मला माहीत. वहिनीने दादाचा हात अलगद पलंगावर ठेवला आणि सही केली. तिने माझं ऐकलं, हे मला अजून सोसत नाही.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात स्ट्रेचर थोडं थांबलं. वहिनी वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. दार मिटलं.

तो टेबलावरच गेला. डाग म्हणजे काहीच नव्हतं, डॉक्टर म्हणाले. फोटोतला दोष.

सगळं आटोपल्यावर काही दिवसांनी मी गॅरेज उघडलं. घरी बसून भिंती खायला उठत होत्या. कोपऱ्यातली करडी गाडी वाटेत येत होती, म्हणून मी आत बसून किल्ली फिरवली. इंजिन छान सुरू झालं. गिअर टाकला. माझे दोन्ही पाय पेडलं सोडून खाली टेकलेले होते.

गाडी पुढे झेपावली.

वर्कबेंचवर आदळून ती थांबली. पाने, हातोड्या खाली पडत राहिल्या. मला लागलं नव्हतं. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. आवारात दादाने दाबलेलं पेडल, ज्याची आम्ही वाट बघून कंटाळलो होतो, ते आता पोचलं होतं.

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि मी तसाच, गाडी चालू टाकून, दादाच्या घराकडे पळालो.

दार उघडंच होतं. भर दुपार होती. वहिनी आतल्या खोलीत, त्याच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसली होती. पलंगावर धुतलेली चादर ताणून घातलेली होती. तिने माझ्याकडे मान वळवली नाही, नुसता हात वर केला.

मी दारात थांबलो.

पलंगावरून घसा खाकरल्याचा आवाज आला. तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो.

"नको," दादा म्हणाला.

रोजच्या आवाजात. चहा नको म्हणावं तसं.

चादरीला सुरकुती पडली नव्हती. मी भिंतीला धरून खाली बसलो आणि रडलो. मोठ्याने रडलो, लाज वाटली नाही. वहिनी रडली नाही.

"चला," मी शेवटी म्हणालो. "वहिनी, उठा. इथे नका बसू. माझ्याकडे चला, तुमची जाऊ वाट बघतेय."

"नाही भाऊजी."

"आलं ना उत्तर. आता काय राहिलं?"

"ऑपरेशनच्या दारात मी त्यांना सांगितलं होतं," ती म्हणाली, "आत गेल्यावर दुखलं तर मला हाक मारा."



वहिनी उठली. तिने रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. मग पंखा बंद केला, तो पूर्ण थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली, आणि खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढून बसली.