बंद म्हणण्याआधी

हसून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या, मध्ये फिदीफिदी केलेलं मला चालत नाही. ही गोष्ट ज्याच्यावर बेतली तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. त्याची बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो.

कॉम्प्युटरची बिघडलेली ग्राफिक्स कार्डं दुरुस्त करायचं त्याचं दुकान, एका खोलीचं. स्क्रीनवर चित्र उमटवतं ते हे कार्ड. बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचा मेव्हणाही तिथेच कामाला. दोघे कामाला चोख. आलेलं कार्ड थेट चांगल्या कॉम्प्युटरला कधी लावायचे नाहीत, एकाच्या नादाने दुसराही जायचा. आधी मीटर लावून शॉर्ट आहे का बघायचं, मग बाजूला ठेवलेल्या जुन्या पॉवर सप्लायवर चालवून बघायचं. कार्डात खोट असली की सप्लायचा पंखा अर्धा गरका मारून बसतो. नुकसान झालंच तर त्या म्हाताऱ्या डब्याचं.

दुसरा नियम हाताचा. प्लग खोचायची जागा टेबलापाशी आणि तिचं बटण मात्र पार दाराजवळच्या बोर्डावर, ही वायरमनची अक्कल. तो वायरमन मीच. म्हणून टेबलाशी बसलेल्याने कशातही हात घालण्याआधी म्हणायचं, "हात." बोर्डापाशी असलेल्याने बटण बघून म्हणायचं, "बंद." त्यानंतरही दहा मिनिटं थांबायचं, कारण सप्लायच्या पोटात वीज रेंगाळते.

एके दुपारी चांगल्या कार्डावरही तो सप्लाय बसायला लागला. मेव्हण्याने त्याचं झाकण उघडलं. पंखा थांबलेलाच, त्यामुळे वीज चालू की बंद ते दिसायला मार्ग नव्हता. "हात," तो म्हणाला. दादा दाराशी उभा राहून फोनवर गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. त्याने सवयीने "बंद" म्हटलं. बटणाकडे बघितलं नाही. मेव्हण्याने इमानाने दहा मिनिटं मोजली आणि हात घातला. बटण चालू होतं.

बहिणीने नंतर एकच विचारलं, "दादा, त्यांनी तुला विचारलं नव्हतं?"

"नाही," दादा म्हणाला.

चौदा महिने ती बाई मेलेल्या नवऱ्यावर धुमसत राहिली. असा कसा बेफिकीर, घरच्यांचा विचारसुद्धा केला नाही, असं म्हणून तिने त्याचा फोटो कपाटात उलटा घालून ठेवला. दादाला ते दिसायचं आणि आतून खायचं. पण मेलेला माणूस साक्ष द्यायला थोडाच येतो, अशी त्याची समजूत.

तो मंगळवार होता. रात्रीचे अकरा चाळीस. एका गिऱ्हाइकाला पहाटे परगावी जायचं होतं, म्हणून त्याचं कार्ड तपासायला दादा एकटाच दुकानात आला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आता तो प्लगच उपसून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायचा. मीटर लावला, शॉर्ट नव्हता. कार्ड सप्लायला जोडलं. पंख्याने अर्धा गरका मारला आणि बसला. पुन्हा सप्लायच आजारी. त्याने प्लग काढला, टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, दहा मिनिटं थांबला. मग सवयीने पुटपुटला, "हात."

"बंद."

दाराकडून. मेव्हण्याचा आवाज.

दादाने मान वळवली. दार लावलेलं. बोर्डापाशी कोणी नाही. प्लग समोर.

"बंद."

या वेळी तर त्याने विचारलंही नव्हतं.

"दादा… तुम्ही बघितलंत?"

तेव्हा विचारायचा राहिलेला प्रश्न, चौदा महिने उशिरा…

पंखा हलला. अर्धा गरका.

बसला नाही.

फिरत राहिला. प्लग टेबलावर…

"बंद."

आवाज आता जवळून. पंखा फिरतोय.

"बंद…"

दादा अनवाणी पळाला तो बहिणीच्या दारात. साडेबारा वाजले होते. उंबऱ्यातच त्याने सगळं ओकून टाकलं. ती शेवटी म्हणाली, "चौदा महिने मी त्यांना शिव्या घातल्या, दादा." आणि दार लावून घेतलं. ते दार त्याच्यासाठी पुन्हा कधी उघडलं नाही. फोटो सुलटा झाला असेल. पण जिची माफी मागायची ती दाराआड, आणि ज्याची मागायची तो तर तिच्याही पलीकडे.

सकाळी दादा मला घेऊन दुकानावर आला. स्वतः काही आत पाऊल टाकेना. मी बोर्डापाशी उभा राहिलो. समोर टेबलावर प्लग पडलेला, पंखा गप्प. प्लगच काढलाय म्हटल्यावर बटण कशाला बघायचं? मला हसूच आलं. "बंद आहे रे," म्हणालो आणि जाऊन प्लग उचलला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी ओरडलो, प्लग फेकला, मागे वळून बोर्ड बघितला.

बटण चालू होतं…

मोबाइलचा उजेड इकडे धरा. हा तळहात. तीन डाग, तीन पिनांचे. याला आता नऊ वर्षं झाली.

घाबरू नका, बोट लावा.

…अजून गरम लागतात ना?