सात चंद्रांच्या गावचा मिस्त्री

"सात चंद्र हायत, तं मंग रात्री इतका अंधार कायले पडते तिथं?"

दुकानाच्या पायरीवर माझा एक पाय होता, तो तिथंच राहिला. कारण त्याच्या आधी आतून एका बाईचा आवाज आला होता – "त्या काळ्याकुट्ट रात्री राजकन्या मेघावली यानाकडे निघाली..." – आणि ती बाई म्हणजे मीच होते.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. वर्ध्याला बसस्टँडमागं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आठ दिवसांपूर्वी मी आमचा टेप तिथल्या मालकाजवळ ठेवून गेले होते, आत कॅसेट अडकलेली. आज मालक नव्हते. माझ्याकडे पाठ करून एक पोरगा बसला होता, पुढ्यात आमचा टेप उघडा, आणि हा टेपशीच वाद घालत होता.

"लोकायच्या कॅसेटी आयकता काय तुमी?" माझा आवाज चढलाच.

तो वळला. माझ्याकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"अरे बाप्पा," तो म्हणाला, "राजकन्या आली!"

मी लाल झाले. रागानं – असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

"चालवून पाह्यल्याबिगर दुरुस्त झाला का नाई, कसं समजंन म्याडम?"

बाकी सगळे दुकानदार ताई म्हणतात. हा म्याडम म्हणाला, हे माझ्या बरोब्बर लक्षात राहिलं.

"त्याले दोन मिनिटं पुरतात."

"पुरतात ना. पन पहिली बाजू संपता संपता कोनीतरी दार वाजवलं. कोन आलं थे पाह्यल्याबिगर बंद कसं करू? मंग पलटवली." तो हसला. डाव्या गालावर एवढीशी खळी... पण ते जाऊ द्या. "कोन्या पुस्तकातली गोष्ट हाय?"

"लायब्ररीतल्या," मी खोटं बोलले आणि टेप बगलेत मारून निघाले.

मागून आवाज आला, "म्याडम, एक इचारू? बोलता तं आपल्यासारख्या. मंग कॅसेटमंदी पुन्याच्या काऊन होता?"

असा संताप आला म्हणून सांगू! आंजी येईपर्यंत एसटीत मी त्याला मनातल्या मनात शंभर उत्तरं दिली.

खरं म्हणजे ती गोष्ट कुठल्याच पुस्तकातली नव्हती. आंजीत आमचं किराणा दुकान. माझे बाबा, लक्ष्मणराव, गल्ल्यावर बसत. त्यांना वाचायचं वेड, तेही चमत्काराच्या आणि ग्रहताऱ्यांच्या गोष्टींचं. मग काचबिंदूनं डोळे गेले आणि बाबा मुके झाल्यासारखे बसून राहू लागले. तेव्हा मी पुस्तकं वाचून कॅसेटी भरायला लागले. दुपारी दुकानात टेप लागायचा, बाबा ऐकायचे, गिऱ्हाईकंही ऐकायची. गावातली आणि वर्ध्याची अशी पुस्तकं दोन वर्षांत संपली. मग काय करणार? मीच लिहायला लागले. 'सात चंद्रांचं गाव.' लेखकाचं एक खोटं नाव सांगितलं आणि गप्प बसले.

बाबांची एक पद्धत होती. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या दोन बारीक पट्ट्या असतात, प्रत्येक बाजूची एक. ती मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही, म्हणजे पुसलंही जात नाही. बाबांना एखादी बाजू फार आवडली की ते बोलायचे नाहीत. किल्लीच्या टोकानं तिची पट्टी मोडायचे. कट्! बाकी कॅसेटी पुन्हा भरायला मोकळ्या. माझ्या सात चंद्रांच्या एकाही कॅसेटची पट्टी अजून मोडली नव्हती.

त्यामुळे त्या पोराचं बोलणं डोक्यात घोळत राहिलं. रात्री अंधार कसा? बरोबर होतं हो त्याचं!

महिन्याभरानं टेप पुन्हा घरघरायला लागला. खरं सांगते, मी काही केलं नव्हतं. वर्ध्याला गेले. बाहेर श्रावणाची झिमझिम, दुकानात तो एकटा.

"लायब्ररीत पाह्यलं मी," तो म्हणाला. "दोन्ही लायब्रऱ्यायमंदी. असं पुस्तकच नाई. तुमीच लिवता ना?"

मी ओढणीचं टोक पिळत राहिले.

"घाबरू नका, कोनाले सांगत नाई. पन मंग खरं बोलू काय?"

"आजवर खोटं बोलला काय तुमी?"

आणि मग त्यानं जे सुरू केलं...! त्याचं नाव कैलास, रोहण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. दिवसभर हात कामात आणि कान मोकळे, म्हणून दुकानात येईल त्या गोष्टींची कॅसेट तो ऐकायचा. त्याची मतं पक्की होती. राक्षसाचा आवाज घोगरा काढू नये, हसू येतं. राक्षस हळू बोलला की भीती वाटते. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून पाहता येत नाही, म्हणून नावं थोडी ठेवावी. यंत्र कसं चालतं ते समजावू नये, त्याचा आवाज ऐकवावा. आणि मधेमधे टुंई टुंई संगीत वाजवणाऱ्यांना यानात बसवून खरंच वर पाठवावं.

"अन् परग्रहावरचे सगळे लोकं पुन्याचेच काऊन राह्यतात? आपल्याकडचा एक बी मानूस पोचला नाई काय तिथं?"

मी खुदकन हसले. राग कुठं गेला, काय माहीत.

"यानाचा आवाज कुठून आणू मी?" मी विचारलं.

"स्टो हाय ना घरी? पंप मारून माईकजवळ ठेवा."

घरी जाऊन स्टोला पंप मारला. आईगं! अगदी यान उडाल्यासारखं वाटलं. आई म्हणाली, "हर्षे, चहा ठेवला काय व?" मी म्हटलं, "नाई, चंद्रावर चालली."

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. भरलेली कॅसेट मी आधी कैलासकडे पाठवायची, आमच्या गावच्या एसटीचे कंडक्टर डोमाजी ती न्यायचे-आणायचे. तो तिची घरघर काढायचा आणि दुसऱ्या बाजूला शेवटी जी पाच-सात मिनिटं उरायची तिथं आपलं मत बोलून ठेवायचा. मी ते स्वयंपाकघरात आवाज बारीक करून ऐकायचे, एकदा, दोनदा... मग ते पुसून कॅसेट बाबांना द्यायचे. पुसताना दर वेळी जिवावर यायचं.

"म्याडम, मागं टिनावर पाऊस आयकू येते. थो काहाडू नका, सात चंद्रावर बी पडू द्या." असं काहीबाही. "घोडा बोलते थे पटलं. पन उपाशी घोडा इतका गोड बोलत नाई."

सहाव्या भागात मी यानाचा मिस्त्री आणला. हातात पेचकस, गालावर खळी, आणि बोलणं आपल्याकडचं. राजकन्या म्हणाली, "यान वेळेत उडेल ना?" मिस्त्री म्हणाला, "उडंन ना बाई, काऊन नाई उडंन!" त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईकं टाळ्या देऊन हसली. बाबाही हसले, डोळे गेल्यापासून पहिल्यांदा इतकं मोकळं.

कैलासचं मत आलं – "हा मिस्त्री... वळखीचा वाटते." पुढं बराच वेळ नुसती खरखर. मग, "बरा हाय मानूस."

बाकी सगळ्यावर मत द्यायचा, माझ्यावर मात्र कधीच नाही. वर्ध्याला गेले की चहा मागवायचा, पाहायचा, नजर भिडली की तारा जोडायची सोल्डरिंगची सळई उचलायचा. आणि मी? मी तरी काय बोलले? मला तो आवडत होता, भयंकर आवडत होता, आणि मी घोड्याच्या बोलण्यावर चर्चा करत होते.

दिवाळीनंतर गेले तर तो चहा मागवायचंच विसरला. त्याला पुण्याच्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

"चांगलं झालं की," मी म्हणाले. चांगलं कसलं डोंबल!

"चांगलंच हाय," तो म्हणाला. "तुमी काय म्हनता?"

"मी काय म्हननार..."

घरी आले आणि शेवटचा भाग भरला. मिस्त्रीला तारकानगरीचं बोलावणं येतं, तो जातो, राजकन्या हात हलवते. भाग इतका लहान झाला की एकाच बाजूत संपला. शुक्रवारी ती कॅसेट डोमाजींच्या हाती दिली. आता सोमवारपर्यंत तो काय म्हणतो, एवढाच प्रश्न माझ्या जिवाला लागला होता.

रविवारी मी चक्कीवर गहू दळायला गेले. डबा डोक्यावर घेऊन परतले, केसांत पीठ, नाकावर पीठ, तर दुकानासमोर ही गर्दी! आणि आतून आवाज येत होता. कैलासचा.

डोमाजींना गाडी काढायची घाई होती. मी दिसले नाही, म्हणून त्यांनी कॅसेट सरळ बाबांना दिली. बाबांनी लावली, एक बाजू संपली, आणि नेहमीच्या सवयीनं पलटवली.

"...शेवट पटला नाई म्याडम. थो मिस्त्री जाते काऊन? त्याले कोनी थांब म्हटलंच नाई. चार भागापासून राजकन्या त्याच्याच यानात बसून राह्यली, अन् शेवटी नुसता हात हलवते? खोटं हाय हे... मले पुन्याले जाच नाई. म्हंजे... तुमी जा म्हनसान तं जातो. मले तुमचा आवाज आवडते. नाई... आवाजच नाई. तुमी आवडता. सगळ्याच्या सगळ्या आवडता... तेवढं एक मत सांगाचं राह्यलं होतं."

मग खरखर. गूळ घ्यायला आलेल्या अनुसयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग? पोरगी काय म्हनते?"

मी डबा घेऊन तशीच उभी. बाबांनी मान वळवली. माझी पावलं त्यांना कळायची.

"हर्षे, हा कोन?"

"टेप दुरुस्त करते बाबा... कैलास. रोहण्याचा."

"हाच ना थो मिस्त्री?"

मी डबा खाली ठेवला.

"त्याचं बोलनं वाचताना तुया आवाज बदलते. मले दिसत नाई, आयकू येते." बाबा थांबले. "अन् गोष्ट तू लिवते, हे बी दुसऱ्याच कॅसेटले समजलं. सात चंद्रायचा राजा दुपारी डाव्या कुशीवर निजते अन् पंखा बंद केला का जागा होते. असा राजा आंजीत एकच हाय."

लोक हसले. मला मात्र रडू फुटलं. पीठ आणि पाणी, चेहऱ्याची पार कणीक झाली असेल.

"बाबा, तुमाले राग आला काय?"

त्यांनी टेपचं बटण दाबून कॅसेट बाहेर काढली. बोटांनी तिची पाठ चाचपली, एक पट्टी, दुसरी पट्टी, पुन्हा पहिली, नीट खात्री करून. मग गल्ल्याची किल्ली घेतली.

कट्!

"ही त्याची बाजू," बाबा म्हणाले. "आता पुसल्या जात नाई. अन् शेवट मले बी पटला नाई. तुयी बाजू मोकळी हाय. डोमाजीची गाडी साडेचारले परत येते."

टेप आणि कॅसेट उचलून मी स्वयंपाकघरात पळाले. स्टोला पंप मारला, बटण दाबलं. यान घरघरत होतं, मिस्त्री पायरीवर चढत होता, आणि राजकन्या म्हणाली, "थांब. जाऊ नको. मले तू पायजे." पुण्याचं एक अक्षर नाही त्यात. अनुसयाबाई दारातून ऐकत होत्या, ऐकू दिलं.

सोमवारी पहिल्या गाडीनं कैलास उतरला, हातात दुरुस्तीची पेटी, जशी काही आम्ही बोलावली होती. बाबांच्या पाया पडला. बाबा म्हणाले, "टेप चांगला हाय बावा. पेटी ठेव खाली, चहा घे."

मी कप पुढं केला. त्यानं या वेळी नजर हटवली नाही.

"शेवट आयकला काय?" मी विचारलं.

"सात खेपा आयकला, हर्षा." म्याडम गेली होती. "चांगला हाय. पन एक मत हाय..."

"आता काय राह्यलं?"

"स्टो लय जोरात होता. थांब म्हटलं थे नीट आयकू नाई आलं. एक खेप परत म्हनता काय?"

गल्ल्यावर बाबांनी वाजता टेप बंद केला, त्यांनाही ऐकायचं असणार. मी पुन्हा म्हटलं.