ऐन तमलाची सीलबंद बाटली

मंगळवारी सकाळी फोन वाजला तेव्हा दलेंदा बुसेत्ता कचेरीत बसून पाव ऑलिव्हच्या तेलात बुडवत होती.

"तुमच्या ऐन तमला गावचं पाणी उत्तम आहे," राजधानीतल्या निधी कार्यालयाचा साहेब म्हणाला. "इतकं चांगलं पाणी आमच्याकडेही येत नाही. मग शुद्धीकरणाचं यंत्र कशाला हवं?"

दलेंदाचा घास तोंडातच राहिला. गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट होतं. तिथल्या शाळेत वर्गाचा फोटो काढायचा म्हटलं की पोरं ओठ घट्ट मिटून घेत, कारण सगळ्यांचे दात तपकिरी. म्हाताऱ्यांचे गुडघे तर लाकडासारखे झाले होते.

साहेब पुढे म्हणाला, शुक्रवारी दुपारपर्यंत खुलासा आला नाही तर फाइल बंद. शिवाय गावाने फसवणूक केली असा शेरा पडेल, म्हणजे पुन्हा कुठल्याच निधीच्या दारात उभं राहायला नको.

जिल्हा कचेरीत दलेंदाचं कामच हे होतं. खेड्यांच्या पाण्यासाठी सरकारी पैसे कुठे मिळतात ते शोधायचं. ऐन तमलासाठी ती दोन वर्षं वणवण फिरली होती. एक योजना फक्त शहरांसाठी निघाली, दुसरीला जमिनीचे कागद हवे होते आणि ते कुणाकडेच नव्हते. शेवटी हा निधी सापडला, अर्धं अनुदान आणि अर्धं बिनव्याजी कर्ज. अट एकच, अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत भरलेला नमुना.

नमुना तिनेच सील केला होता. सहीही तिचीच होती. ही गोष्ट ती कुणाजवळ फारशी काढत नव्हती.

अहवालाची नक्कल घेऊन दुपारी ती गावात पोहोचली. फ्लोराइड जवळजवळ नाही, क्षार नाहीत, क्लोरीन नाही, चुन्याचा किंचित अंश. एवढंच त्यात होतं.

पाणी संस्थेचा अध्यक्ष फर्हात चौकातल्या चहाच्या दुकानात भेटला. कोळशावर किटली खदखदत होती. झाकण उघडं होतं आणि आत क्षारांचा पांढरा थर इतका जमला होता की निम्मी जागा त्यानेच खाल्ली असावी.

"कुठेतरी पाणी मुरतंय, मॅडम," फर्हात म्हणाला. प्रयोगशाळेतून कुजबुज तीन आठवड्यांपूर्वीच गावात पोहोचली होती, आणि फर्हातने त्याच दिवशी पंपवाल्या तिजानीच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. बाटली बसने जिल्ह्याला तिजानीच घेऊन गेला होता. त्याच्या मेहुण्याचे पाण्याचे टँकर आहेत. यंत्र आलं तर टँकर कोण बोलावणार? सील काय, फोडून परत लावता येतं.

दलेंदाला हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

तिजानी टाकीच्या सावलीत बसला होता. चाळिशीचा, सडपातळ, नजर खाली.

"बाटली वाटेत उघडली होतीस?"

"नाही."

"कुठे ठेवली होतीस?"

"मांडीवर. सगळ्या वाटेने."

"मेहुणा भेटला होता?"

"बसथांब्यावर. त्याच्या टँकरमध्ये बस म्हणाला. म्हटलं नको, लोक बोलतील." तो कडवट हसला. "तरी बोललेच."

"टँकरचं पाणी कुठलं?"

"शहरातल्या नळाचं. डोळे चुरचुरतात इतकं क्लोरीन असतं त्यात. आमच्या टाकीतही मी रोज सकाळी घालतो. बायका रोज शिव्या देतात."

दलेंदाने अहवाल पुन्हा काढला. क्लोरीन नाही. म्हणजे ते पाणी टाकीचं नव्हतं आणि टँकरचंही नव्हतं. हा माणूस चोर निघाला असता तर तिची सही वाचली असती.

"मॅडम," तिजानी म्हणाला, "तीन आठवडे मी मशिदीत मागच्या रांगेत बसतोय. माझ्या मुलीला शाळेत चोराची पोर म्हणतात. तुम्ही तर तिथेच होतात. तुमच्या डोळ्यांदेखत भरली ना बाटली?"

दलेंदाने अहवालाची घडी घातली आणि ती नमुना घेतला त्या अंगणाकडे निघाली.

टाकीपासून पहिला नळ तिजानीच्या आईच्या, उम्मी महबूबाच्या अंगणात. नमुना तिथेच घेतला होता. म्हातारीने दलेंदाला पाहताच मिठी मारली, चटई अंथरली, पेलाभर पाणी पुढे केलं आणि चहा ठेवला. पाणी मऊ होतं, गार होतं, जिभेच्या टोकाला चुन्याची अगदी पुसट चव लागली.

दलेंदाने किटलीचं झाकण उचललं. आतून किटली नव्यासारखी लखलखीत होती.

"किटली नवी घेतलीस, उम्मी?"

"नवी कुठली? माझ्या लग्नातली आहे."

दलेंदाने झाकण चटईवर ठेवलं. मग तिने फर्हातला आणि तिजानीला तिथेच बोलावून घेतलं.

"चोर सापडला," ती म्हणाली. "पण आधी पाणी कुठलं ते ऐका. अहवालात क्लोरीन नाही, म्हणून ते नळाचं नाही आणि टँकरचं नाही. क्षार नाहीत, म्हणून जमिनीतलंच नाही. वरून पडलेलं पाणी आहे. आणि चुना आहे, म्हणजे चुन्याने रंगवलेल्या जागी साठवलेलं. पावसाचं पाणी धरायला जमिनीखाली टाकं करून त्याला दरसाल चुना कोण लावतं?"

"आता कुणीच नाही," फर्हात म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला. तिघांची नजर अंगणातल्या टाक्याच्या दगडी झाकणाकडे गेली.

"चौकातली किटली बघा आणि ही बघा," दलेंदा म्हणाली. "हिच्यात नळाचं पाणी कधी पडलेलंच नाही. उम्मी, त्या दिवशी बाटली कुठून भरलीस?"

म्हातारीला प्रश्नच कळला नाही. "टाक्यातून. दुसरं कुठून?"

"नळ तुझ्या हातापाशी होता."

"ते कडू पाणी? शहरातल्या मोठ्या माणसांसाठी न्यायचं होतं ना? आपल्या घरातलं वाईट का कुणी परक्याच्या हातात देतं? चांगलं पाणी बघतील, गावाबद्दल चांगलं मत होईल, म्हटलं."

तिजानीने डोळे मिटून घेतले. म्हातारीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग तिचा हात हळूहळू गालावर गेला.

"माझ्यामुळे झालं हे? माझ्या लेकाचं?"

"नाही, उम्मी. तू तुझ्या रीतीने वागलीस. ही रीत मला माहीत होती. इथे पाहुण्याला नळाचं पाणी कुणी देत नाही, मला इतक्या वर्षांत एकदाही मिळालेलं नाही." दलेंदाने अहवाल चटईवर ठेवला. "ऊन होतं, पाय दुखत होते. मी आत गादीवर पाय पसरून तुझा चहा पीत होते आणि म्हटलं, उम्मी, एवढी बाटली भरून आण. मग सील लावलं, आणि लिहिलं, माझ्या डोळ्यांदेखत. खोटं मी लिहिलं. आणि आज दुपारपासून तिजानीनेच काही केलं असावं म्हणून मी मनातून धडपडत होते."

फर्हातने घसा खाकरला. म्हणाला, हे कागदावर गेलं तर तुमची नोकरी जाईल. उगाच कशाला, म्हातारीच्या हातून चूक झाली एवढंच लिहू.

"मग त्या कागदावरची सही कुणाची?" दलेंदाने विचारलं.

खुलासा तिने तिथेच चटईवर लिहिला, सहीसकट. मग नवी बाटली काढली आणि म्हातारीलाच भरायला सांगितली. उम्मी महबूबाने डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला आणि नळ सोडला. घरातली लाज चारचौघांत उघडी करायची म्हणून ती बाटलीकडे न बघताच भरत होती. या वेळी दलेंदा शेवटच्या थेंबापर्यंत बाजूला उभी राहून पाहत होती.

फर्हातने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून तिजानीपुढे धरला. तिजानीने तो घेतला. दलेंदाने त्याची माफी मागितली. त्याने ऐकली, मान हलवली, पण ठीक आहे असं तो काही म्हणाला नाही.

निघताना म्हातारीने सवयीने पेला भरून आणला.

"नळाचं दे, उम्मी."

"तू पाहुणी आहेस, पोरी."

"आज नाही."

म्हातारीने पेला टाक्याच्या झाकणावर रिकामा केला आणि नळाखाली धरला. पाणी कोमट होतं, खारट, मागून कडू. दलेंदाने ते उभ्याने सगळं पिऊन टाकलं आणि बाटली मांडीवर घेऊन बसमध्ये जाऊन बसली.